नेब्रास्कातील हेल्मेटसक्ती गेली. ती परत येऊ शकते का?

मिसूरीकाठ (धागाकर्ता)

ओमाहा आणि कौन्सिल ब्लफ्स ही दोन शहरे मिसूरी नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. ओमाहा नेब्रास्का राज्यात येते आणि कौन्सिल ब्लफ्स आयोवा राज्यात. आयोवात कोणत्याही वयाच्या मोटारसायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. नेब्रास्कात मात्र १९८९ पासून ती सर्वांना होती, त्यामुळे पलीकडून येणाऱ्या स्वाराला पूल ओलांडण्यापूर्वी हेल्मेट चढवावे लागे. १ जानेवारी २०२४ पासून हा फरक बराचसा संपला आहे. २१ वर्षे पूर्ण केलेल्या आणि मोटारसायकल सुरक्षेचे प्रशिक्षण घेतलेल्या स्वाराला आता नेब्रास्कातही हेल्मेटशिवाय गाडी चालवता येते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा किंवा काच तेवढी हवी.

मी स्वतः मोटारसायकल चालवतो, हेल्मेट घालूनच चालवतो, आणि हा कायदा गेला याचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु हेल्मेट घालावे की नाही या वादासाठी मी हा धागा काढलेला नाही. येथील विधिमंडळाला एकच सभागृह आहे, त्यात ४९ सदस्य आहेत आणि भाषणे लांबवून कोणी विधेयक अडवले तर ती कोंडी फोडायला ३३ मते लागतात. हेल्मेटसक्ती उठवण्याची विधेयके या सभागृहात वर्षानुवर्षे येत होती आणि पडत होती. तरीही २०२३ मध्ये मोटार वाहनांविषयीच्या अनेक तरतुदी एकत्र केलेल्या विधेयकात ही तरतूद घातली गेली आणि ती मंजूर झाली.

माझे प्रश्न दोन आहेत. अपघात विभागातील डॉक्टर आणि सुरक्षा संघटना विरोधात उभ्या असताना, लोकसंख्येच्या मानाने इतका लहान असलेला मोटारसायकलस्वारांचा गट जिंकतो कसा? आणि एकदा गेलेला असा कायदा अमेरिकेत कोठे परत आला आहे का, आला असेल तर कशामुळे?

ओहायोकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेब्रास्कापासून सुरू करून मिळणार नाही, त्यासाठी १९६६ पर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षीच्या महामार्ग सुरक्षा कायद्याने केंद्र सरकारला राज्यांवर दबाव आणण्याचे साधन दिले. सर्वांसाठी हेल्मेटसक्ती न करणाऱ्या राज्याचा सुरक्षेसाठीचा निधी आणि महामार्ग बांधणीच्या निधीचा दहा टक्के भाग रोखता येणार होता. रस्ते हा प्रत्येक राज्यपालाचा जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे राज्यांनी भराभर कायदे केले आणि १९७५ पर्यंत ४७ राज्ये या रांगेत आली. म्हणजे हे कायदे लोकांनी मागितले म्हणून आले नव्हते, पैसे जातील या भीतीने आले होते, आणि माझ्या मते त्यांचे पुढचे सगळे दुर्दैव येथे आहे.

१९७५ मध्ये कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि युटा या तीन राज्यांचा निधी रोखण्याच्या हालचाली सुरू झाल्या. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्याला हात लागल्यावर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, चक्रे फिरली. उदारमतवादी ॲलन क्रॅन्स्टन आणि कडवे उजवे जेसी हेल्म्स हे दोन सिनेटर एरवी कोणत्याच गोष्टीवर एकमत होत नसत, पण या बाबतीत ते एका बाजूला होते. १९७६ च्या कायद्याने प्रौढांच्या हेल्मेटबाबतची ती शिक्षा काढून टाकली आणि पुढच्या चार वर्षांत सुमारे निम्म्या राज्यांनी आपले कायदे रद्द केले किंवा अल्पवयीनांपुरते मर्यादित केले. आमचे ओहायो त्यांपैकीच एक आहे. येथे १९७८ पासून हेल्मेटसक्ती फक्त अठरा वर्षांखालील आणि नवशिक्या चालकांना आहे.

तोच खेळ दुसऱ्यांदाही झाला. १९९१ मध्ये काँग्रेसने पुन्हा निधीची अट आणली आणि १९९५ मध्ये ती पुन्हा काढली. त्यानंतर १९९७ मध्ये आर्कान्सा आणि टेक्सास, १९९८ मध्ये केंटकी, १९९९ मध्ये लुइझियाना, २००० मध्ये फ्लोरिडा, २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया, २०१२ मध्ये मिशिगन, २०२० मध्ये मिसूरी आणि आता नेब्रास्का अशी एकेक राज्ये गळत गेली. आज सर्वांसाठी हेल्मेटसक्ती असलेली राज्ये १७ उरली आहेत.

न्यायप्रविष्ट

ओहायोकर यांनी राजकीय बाजू उत्तम मांडली आहे, परंतु न्यायालयांचा इतिहास तिच्याशेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. मोटारसायकलस्वार सुरुवातीला न्यायालयात गेले होते आणि पहिल्या काही लढायांत त्यांना यशही मिळाले. १९६८ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने आणि १९६९ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची हेल्मेटसक्ती घटनाबाह्य ठरवली. व्यक्तीच्या कृतीचा धोका केवळ तिलाच असेल तर तिला स्वतःपासून वाचवण्यासाठी पोलिसी अधिकार, म्हणजे लोकांच्या सुरक्षेसाठी नियम करण्याचा राज्याचा अधिकार, वापरता येत नाही, हा त्या निर्णयांचा गाभा होता. इलिनॉयमध्ये त्यानंतर हा कायदा टिकाऊपणे कधीच आला नाही.

मात्र हे अपवाद ठरले. बहुतेक राज्यांच्या न्यायालयांनी कायदे वैध ठरवले आणि १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सायमन विरुद्ध सार्जंट या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या केंद्रीय न्यायपीठाने जो युक्तिवाद स्वीकारला तो पुढे सर्वत्र वापरला गेला. जखमी माणसाला समाजच रस्त्यावरून उचलतो, सार्वजनिक रुग्णालयात नेतो, नोकरी गेली तर भत्ता देतो आणि तो कायमचा पंगू झाला तर त्याच्या कुटुंबाचाही भार घेतो. मग त्याचे डोके हा केवळ त्याचा खाजगी प्रश्न आहे असे कसे म्हणता येईल, असा त्या निकालाचा आशय आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल त्याच वर्षी कायम केला.

१९८९ मध्ये फ्लोरिडाच्या हेल्मेट कायद्याला खाजगीपणाच्या हक्काच्या आधारे आव्हान देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती लुईस पॉवेल त्या वेळी अपील न्यायालयात बसत होते आणि निकाल त्यांनीच लिहिला. सरकारने आपल्याला एकटे सोडावे असा कोणताही व्यापक घटनात्मक हक्क नाही, असे त्यांनी स्पष्ट केले आणि आव्हान फेटाळले. त्यानंतर अकरा वर्षांनी फ्लोरिडाच्या विधिमंडळाने तोच कायदा स्वतःहून मागे घेतला. जे मागणे न्यायालयाने नाकारले ते आमदारांनी दिले, आणि या संपूर्ण चळवळीचे सार मला त्या अकरा वर्षांत दिसते.

रानवारा

दोन्ही प्रतिसाद अत्यंत माहितीपूर्ण आहेत. निधीच्या धाकाने आलेले कायदे धाक संपताच गेले, हे मला नवीन होते.

दोन_चाके

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, येथील अबेट या मोटारसायकलस्वारांच्या हक्कांसाठीच्या संघटनेचा सभासद आहे आणि सक्तीच्या विरोधात आहे. या धाग्यावर माझी बाजू मांडणारा दुसरा कोणी दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

धागाकर्त्यांनी विचारले आहे की लहान गट जिंकतो कसा. अबेटची सुरुवात सत्तरच्या दशकाच्या आरंभी 'ईझीरायडर्स' या मासिकाच्या पुढाकाराने झाली आणि मग प्रत्येक राज्यात तिची स्वतंत्र संघटना उभी राहिली. सभासद वर्गणी देतात, दर महिन्याला बैठक होते, आणि आपल्या मतदारसंघाचा आमदार कोण आहे, तो कोणत्या समितीवर आहे आणि त्याने मागच्या वेळी कसे मत दिले होते हे नव्या सभासदाला पहिल्या काही आठवड्यांतच कळते. वर्षातून एकदा आम्ही राज्याच्या राजधानीत जातो, आमदारांना समक्ष भेटतो आणि नम्रपणे बोलतो. निवडणुकीत त्यांच्यासाठी पत्रके वाटायलाही आमची माणसे जातात. आमच्या बाजूच्या मतदाराला हा विषय इतका महत्त्वाचा वाटतो की तो केवळ त्यावर मत फिरवू शकतो. समोरच्या बाजूला पाहणीत बहुसंख्य लोक सक्तीला अनुकूल असतात, पण त्यांपैकी कोणीही हेल्मेटच्या प्रश्नावर आमदार बदलत नाही, आणि आमदारांना हा फरक नेमका कळतो.

दुसरी गोष्ट अशी की आम्ही हेल्मेटच्या विरोधात नाही. मी हेल्मेट घालतो आणि माझ्या ओळखीचे अनेक सभासदही घालतात. अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशन ही राष्ट्रीय संघटना हेल्मेट वापरण्याचा उघड आग्रह धरते आणि प्रौढांवरील सक्तीला विरोधही करते; या दोन भूमिका एकत्र नांदू शकतात. 'जे चालवतात त्यांनाच ठरवू द्या' हे आमचे घोषवाक्य आहे. अपघात होऊच नये यासाठी प्रशिक्षणावर, आणि कारचालकांना मोटारसायकल दिसावी यासाठीच्या जागृतीवर आमच्या संघटनेने वर्षानुवर्षे काम केले आहे. चौकात डावीकडे वळणाऱ्या कारने समोरून येणाऱ्या मोटारसायकलला धडक देणे हा येथील अपघातांचा फार मोठा प्रकार आहे, आणि हेल्मेटवर सगळे लक्ष केंद्रित केले की त्या कारचालकाचा प्रश्न मागे पडतो.

नेब्रास्काबद्दल आणखी एक. दर ऑगस्टमध्ये साउथ डकोटातील स्टर्जिस गावी देशभरातून लाखो मोटारसायकली जातात आणि हेल्मेटसक्तीमुळे अनेक जण नेब्रास्का टाळून दुसऱ्या वाटेने जातात, हा पर्यटनाचा मुद्दा समर्थकांनी तेथे सतत मांडला होता. ग्रामीण भागातील पेट्रोलपंप आणि खानावळी चालवणाऱ्या मतदारांना तो पटण्यासारखा होता.

पुनर्वसन

मी फ्लोरिडात मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनाचे काम करते. दोन_चाके यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, पण समाजावर भार पडत नाही असे त्यांच्या बाजूने जे सुचवले जाते त्याच्याशी मी मुळीच सहमत नाही.

फ्लोरिडाने १ जुलै २००० पासून २१ वर्षांवरील व्यक्तींना हेल्मेटमधून सूट देताना किमान १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा असावा अशी अट घातली. जखमींचा खर्च इतरांवर पडू नये हा तिचा हेतू होता. राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने कायदा बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तीस महिन्यांची तुलना केली, तेव्हा डोक्याच्या दुखापतीने दाखल झालेल्या मोटारसायकलस्वारांची रुग्णालयीन बिले सुमारे २१ दशलक्ष डॉलरवरून ५० दशलक्षांवर गेलेली आढळली आणि ज्यांचा उपचार दहा हजारांच्या आत आटोपला असे रुग्ण एकचतुर्थांशाहूनही कमी होते. म्हणजे विम्याची अट पहिल्या दिवसापासून अपुरी होती. मिशिगनने ती २०,००० डॉलर केली, पण अतिदक्षता विभागातील काही दिवसांत तेवढी रक्कम संपते.

ही झाली रुग्णालयापर्यंतची गोष्ट. आमच्याकडे रुग्ण येतो तेव्हा बिलाचा हिशोब बहुधा संपलेला असतो आणि खरी कसोटी सुरू होते. चाळिशीतला माणूस शर्टाची बटणे कोणत्या क्रमाने लावायची हे पुन्हा शिकतो, त्याला नातेवाइकांची नावे आठवतात पण सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, आणि पूर्वी शांत असलेला नवरा किरकोळ कारणावरून संतापतो तेव्हा त्याची पत्नी आमच्याकडे पाहून विचारते की हे असेच राहणार का. या पत्नीचा निर्णयात काही वाटा नव्हता. 'जे चालवतात त्यांनाच ठरवू द्या' या वाक्यात तिला जागा कोठे आहे, हा माझा दोन_चाके यांना प्रश्न आहे.

दोन_चाके

पुनर्वसन, आपल्या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही आणि ते आहे असा आव मी आणणार नाही. तरीही दोन गोष्टी नोंदवतो. फ्लोरिडात त्या काळात नोंदणीकृत मोटारसायकलींची संख्याही झपाट्याने वाढत होती, त्यामुळे वाढलेला सगळा खर्च कायद्याच्या माथी मारता येत नाही. दुसरे असे की कुटुंबावर आणि समाजावर भार टाकणाऱ्या कृती अनेक आहेत. धूम्रपान, गिर्यारोहण, अतिमद्यपान या सर्वांना खर्चाचा न्याय लावला तर सरकारने प्रौढ माणसाच्या आयुष्यात कोठे थांबायचे हे ठरवणार कोण? इलिनॉयच्या न्यायालयाने नेमकी हीच भीती ओळखली होती.

ओहायोकर

नोंदणी वाढत होती हे खरे आहे, पण मिशिगनमध्ये तो आक्षेपही विचारात घेतला गेला आहे. तेथे राज्यपाल जेनिफर ग्रॅनहोम यांनी रद्दीकरणाच्या विधेयकांवर दोनदा नकाराधिकार वापरला होता. त्यांच्यानंतर आलेल्या रिक स्नायडर यांनी एप्रिल २०१२ मध्ये सही केली. नंतर विमा उद्योगाच्या संशोधन संस्थेने शेजारच्या राज्यांशी तुलना करून पाहिले, तेव्हा दुखापतीच्या एका दाव्यामागची सरासरी रक्कम वीस टक्क्यांहून अधिक वाढलेली आढळली. ही मोजणी दर दाव्यामागची असल्यामुळे गाड्यांची संख्या वाढल्याने ती फुगत नाही. हेल्मेटमुळे स्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होते, असा सुरक्षा प्रशासनाचा अंदाज आहे. हेल्मेटमुळे ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, मान मोडते, या समजुतींना तर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेल्या अभ्यासात १९८१ मध्येच उत्तर दिले होते.

पेठकर

पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा धागा वाचताना आपल्या शहराची आठवण येणे अपरिहार्य आहे. १ जानेवारी २०१९ पासून काटेकोर अंमलबजावणी होणार असे पोलिसांनी जाहीर केल्यावर ३ जानेवारीला हेल्मेटसक्ती विरोधी कृती समितीने दुचाकी मोर्चा काढला होता आणि त्यात काही जण पुणेरी पगडी घालून आले होते. शहरातल्या गर्दीत वेग कमी असतो, रस्त्यांवर खड्डे आहेत ते आधी बुजवा, महामार्गावर सक्ती करा पण पेठांत नको, पोलिसांनी वाहतुकीकडे लक्ष द्यावे, पावत्यांकडे नको, असे समितीचे मुद्दे होते. त्याच्या आधी २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांची 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही घोषणा पंपचालकांच्या विरोधामुळे मागे पडली होती. २०१९ च्या जूनमध्ये शहरातील आमदारांनी मुख्यमंत्र्यांकडे दाद मागितली आणि पोलिसांची मोहीम सैल झाली.

दोन_चाके यांचे संघटनेविषयीचे वर्णन वाचून मला फरक जाणवला तो असा की पुण्यातील विरोधकांनी कायदा बदलण्याचा प्रयत्न फारसा केला नाही. त्यांना अंमलबजावणी थांबवून हवी होती आणि ती त्यांना वेळोवेळी मिळाली. मी स्वतः सक्तीच्या बाजूचा आहे. खड्ड्यांचा मुद्दा मला अगदी मान्य आहे, पण खड्डा असला तर हेल्मेटची गरज वाढते.

न्यायप्रविष्ट

पेठकर, आपल्याकडे कायदा बदलण्याचा मार्ग पूर्वी खुला होता आणि आता तो बंद झाला आहे, ही गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात आली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्ये पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला सूट होती आणि त्याखेरीज राज्य सरकारला नियम करून योग्य वाटतील ते अपवाद ठेवण्याचा अधिकारही होता. शहरी हद्दीत सूट द्या ही मागणी त्या परंतुकाच्या आधारे निदान कागदावर तरी करता येत होती. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १२९ नव्याने लिहिले गेले तेव्हा शीख व्यक्तींची सूट राहिली, चार वर्षांखालील मुलांसाठी केंद्राने नियम करावेत असे आले, पण राज्याच्या अपवादाचे परंतुक गेले. गुजरात सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक करण्याची घोषणा केली होती, ती याच कारणाने टिकली नाही.

घटनात्मक आव्हानाचा निकाल तर त्याच्याही आधी लागला आहे. आंध्र प्रदेशातील हेल्मेटसक्तीच्या नियमाविरुद्ध अजय कानू यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच फेटाळली. मुक्त संचाराच्या स्वातंत्र्यावर हा अडथळा आहे हा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही. नियम स्वाराच्याच सुरक्षिततेसाठी आहे, असे त्याने मानले.

आता मूळ विषयाकडे परत येऊ, कारण धागा अमेरिकेतील रद्दीकरणाचा आहे.

टेम्सकाठ

परत जाण्यापूर्वी ब्रिटनचा उल्लेख करू द्या, कारण त्यातून न्यायप्रविष्ट यांच्या मुद्द्याला बळ मिळते. येथे जून १९७३ मध्ये हेल्मेटसक्ती आली. फ्रेड हिल नावाचे एक वृद्ध गृहस्थ हेल्मेट न घालता मोटारसायकल चालवत राहिले, दंड भरायला नकार देत राहिले आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. १९८४ मध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी तुरुंगवासातच त्यांचा मृत्यू झाला. येथील मोटारसायकलस्वार आजही त्यांच्या स्मरणार्थ फेरी काढतात. त्यांच्या निष्ठेविषयी कोणाचेही मत काहीही असो, कायदा मात्र एका अक्षरानेही बदलला नाही. उलट शीख समाजाने संसदेत पाठपुरावा करून केवळ पगडीधारकांपुरती मर्यादित सूट मागितली आणि १९७६ मध्ये ती कायद्याने मिळवली.

हिवाळी_पाखरू

२०११ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूजजवळ हेल्मेटसक्तीच्या निषेधार्थ काढलेल्या फेरीत हेल्मेट न घातलेल्या एका स्वाराचा डोक्याला मार लागून मृत्यू झाला होता. ही एकच घटना या संपूर्ण वादाचा निकाल लावते असे मला वाटते.

पुनर्वसन

हिवाळी_पाखरू, मी आपल्याच बाजूची आहे, तरी एक विनंती करते. त्या बातमीची तेव्हा जगभर थट्टा झाली आणि ती वाचताना मला त्या माणसाच्या घरच्यांचा विचार येत होता. शिवाय एका मृत्यूने काही सिद्ध होत नाही. हेल्मेट न घालता पन्नास वर्षे सुखरूप गाडी चालवलेला माणूसही कोठेतरी असतोच. आपल्याकडे मोठ्या संख्येचे पुरावे असताना एकाच्या दुर्दैवाचा आधार घेण्याची गरज नाही.

दोन_चाके

पुनर्वसन, या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. त्या वर्षी आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नव्हते.

सागरवेल

कॅलिफोर्नियाचे उदाहरण अजून पुरेसे आलेले नाही, आणि धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नासाठी ते उपयोगी आहे. १९७५ मध्ये ज्या राज्याने केंद्राला न जुमानता प्रौढांवर सक्ती करायचे नाकारले, त्याच राज्याने १ जानेवारी १९९२ पासून सर्वांना हेल्मेट सक्तीचे केले. आमदार डिक फ्लॉइड यांनी त्यासाठी अनेक वर्षे चिकाटीने विधेयके आणली, आधीच्या राज्यपालांचा नकाराधिकार पचवला आणि शेवटी पीट विल्सन यांची सही मिळवली. राज्यातील मोटारसायकलस्वारांचे मृत्यू १९९१ मध्ये ५२३ होते, ते १९९२ मध्ये ३२७ वर आले. सक्तीविरोधकांनी त्यानंतर रद्दीकरणाची विधेयके आणली आणि खटलेही लढवले. १९९६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयात त्यांना अंशतः यश आले, ते इतकेच की हेल्मेट मानकाप्रमाणे नसावे अशा नुसत्या संशयावर महामार्ग पोलिसांनी पावत्या देऊ नयेत. कायदा आजही आहे.

माझ्या मते पहिल्या वर्षाचे आकडे इतके ठळक होते, आणि ते इतक्या लवकर लोकांसमोर आले, की त्यानंतर रद्दीकरणाला पाठिंबा देणे आमदारांना अवघड झाले.

खारफुटी

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे थेट उत्तर माझ्या राज्यात आहे. लुइझियानाने १९६८ मध्ये कायदा केला, १९७६ मध्ये सैल केला, १९८२ मध्ये परत आणला, १९९९ मध्ये पुन्हा रद्द केला आणि २००४ मध्ये पुन्हा आणला. १९९९ चे राज्यपाल माइक फॉस्टर स्वतः मोटारसायकल चालवत आणि रद्दीकरणाच्या बाजूने उघड उभे होते. त्यांच्यानंतर कॅथलीन ब्लँको निवडून आल्या. मधल्या काळातले मृत्यू आणि दुखापतींचे आकडे समोर होते, रुग्णालये आणि वाहतूक सुरक्षेचे अधिकारी एका सुरात बोलत होते आणि राज्यपालांनी हा विषय आपला मानला. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर कायदा परत आला. टेक्सासनेही १९७७ मध्ये सोडलेला कायदा १९८९ मध्ये परत आणला होता, पण १९९७ मध्ये तो पुन्हा गेला आणि त्यानंतर आलेला नाही. म्हणून मी आशावादी असले तरी निर्धास्त नाही.

आणखी एक निरीक्षण असे की कायदा परत आणणाऱ्यांत मला दुखापतग्रस्तांची कुटुंबे संघटित रूपाने कोठेच प्रमुख दिसत नाहीत. दोन_चाके यांच्या बाजूला ज्या मासिक बैठका आहेत त्यांच्या तोडीचे या बाजूला काहीच नाही. जखमी माणसाची पत्नी दिवसभर त्याच्या औषधांच्या वेळा सांभाळते, तिने राजधानीत केव्हा जायचे?

मिसूरीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. खारफुटी यांचे उत्तर आणि त्यांचे शेवटचे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहे. नेब्रास्कात प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते आणि कोणालाही तेथे बोलता येते. त्यामुळे सक्ती परत आणण्याचे विधेयक पुढच्या अधिवेशनात येवो अथवा न येवो, मी आतापासून दोन कामे हाती घेत आहे. आमच्या भागातील मेंदूच्या दुखापतीच्या पुनर्वसन गटाला भेटून कोणत्या कुटुंबांना सुनावणीत बोलायची इच्छा आहे ते विचारणार आहे, आणि राज्याच्या वाहतूक विभागाकडे २०२४ पूर्वीच्या व नंतरच्या अपघातांचे, हेल्मेट होते की नव्हते या नोंदीसह, वर्षवार आकडे मागणार आहे. पुनर्वसन, अशा आकड्यांत कोणती विभागणी मागायला हवी हे आपण सांगू शकाल का?

पुनर्वसन

अवश्य. केवळ मृत्यू मागू नका, कारण छोट्या राज्यात ती संख्या लहान असते आणि वर्षागणिक वरखाली होते. डोक्याच्या दुखापतीने दाखल झालेले, अतिदक्षता विभागात राहिलेले, घरी न जाता पुनर्वसन केंद्रात पाठवलेले आणि बिल कोणी भरले, म्हणजे खाजगी विमा, सरकारी योजना की कोणीच नाही, अशी विभागणी मागा. तीच आकडेवारी कायदा बदलण्यापूर्वीच्या किमान तीन वर्षांसाठीही मागा, आणि नोंदणीकृत मोटारसायकलींची संख्या सोबत ठेवा, म्हणजे दोन_चाके यांचा रास्त आक्षेप आधीच विचारात घेतला जाईल.

दोन_चाके

तो आक्षेप मी सुनावणीत नक्की घेईन, त्यामुळे नोंदणीची संख्या विसरू नका. मी विरोधात बोलणार आहे हे येथेच सांगून ठेवतो. मात्र नेब्रास्काच्या कायद्यातील प्रशिक्षणाची अट कोणी काढू पाहिली तर ती राहावी यासाठी आमची माणसे आपल्या शेजारच्या रांगेत बसतील. त्या अटीची अंमलबजावणी नीट होते का, रस्त्यावर थांबवलेल्या स्वाराचे प्रशिक्षण पोलीस तपासतात का, हा आकडाही मागून घ्या. तो आम्हालाही हवा आहे.